यतना आणि आलंबन : ऊर्जाबचतीच्या गतीविषयी एक विचार

कमीत कमी ऊर्जा खर्चून ठरलेले अंतर ठरलेल्या वेळात कापणे हा आज अभियांत्रिकीचा प्रश्न मानला जातो. परंतु हालचालीवाचून जगता येत नाही आणि प्रत्येक हालचालीची किंमत भोवतालच्या सृष्टीला मोजावी लागते, तेव्हा देहधारी माणसाने किती हलावे व कसे हलावे, ही त्यामागची विचारणा भारतीय धर्मचिंतनाला, त्यातही जैन आचारशास्त्राला, फार पूर्वीपासून परिचित आहे. हलक्या विद्युत मोटारींसाठी काटकसरीची चालनपद्धती गेल्या काही दशकांत संगणकावर शोधली जाऊ लागली आहे, आणि ती या जुन्या विचारणेचे उत्तर ठरते काय, ठरत असल्यास कुठवर, हे तपासण्यासारखे आहे. मितव्यय आणि संयम या दोन गोष्टी व्यवहारात एकमेकींच्या इतक्या जवळ येतात की एक साधली म्हणजे दुसरीही साधली असा समज सहज होतो. तो समज कोठे टिकतो आणि कोठे तुटतो, हे या मोटारींच्या गणितात स्पष्टपणे दिसते.

या मोटारींची परंपरा एका पैजेतून सुरू झाली. १९३९ साली अमेरिकेतील इलिनॉय राज्यात शेल कंपनीच्या संशोधनशाळेतील शास्त्रज्ञांनी सारख्याच इंधनात कोणाची गाडी सर्वाधिक अंतर जाते यावर आपसांत पैज लावली, आणि जिंकणाऱ्या गाडीने एका लिटरला सुमारे २१ किलोमीटर अंतर कापले. त्या पैजेची पुढे स्पर्धा झाली, १९८५ पासून फ्रान्समध्ये ती विद्यार्थ्यांच्या संघांसाठी भरू लागली, आणि आज शेल इको-मॅरेथॉन या नावाने ती अनेक खंडांत होते. २००५ साली झ्युरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठाच्या ‘पॅक-कार २’ या गाडीने फ्रान्समधील लाडू येथील चाचणीमार्गावर एका लिटर पेट्रोलइतक्या ऊर्जेत ५,३८५ किलोमीटर जाता येईल असा विक्रम नोंदवला. तिच्यात हायड्रोजनपासून वीज तयार करणारा इंधनघट होता आणि त्या विजेवर मोटर चालत होती. गाडीचे स्वतःचे वजन सुमारे ३० किलो, आणि चालकाचे वजन किमान ५० किलो असावे असा या गटातील स्पर्धेचा दंडक. नेहमीच्या मोटारीत टनभर लोखंड, काच आणि रबर एका माणसाला वाहून नेण्यासाठी धावत असते, तर येथे वाहन हे वाहिल्या जाणाऱ्यापेक्षा हलके आहे. अपरिग्रहाचा, म्हणजे गरजेपलीकडचा संग्रह न करण्याचा, विचार करणाऱ्याने हे गुणोत्तर लक्षपूर्वक पाहण्याजोगे आहे.

सिम्युलेशन म्हणजे प्रत्यक्ष गाडी रस्त्यावर न आणता तिच्या गतीचे नियम संगणकाला सांगून तिचा प्रवास आकड्यांत घडवून पाहणे. ते नियम थोडेच आहेत. गाडी आणि चालक मिळून ८० किलो वजन धरले आणि या स्पर्धांत वापरतात तसे विशेष टायर धरले, तर टायर दबून पुन्हा पूर्ववत होताना जो विरोध निर्माण होतो तो वजनाच्या सुमारे हजाराव्या भागाइतका, म्हणजे पाऊण न्यूटनच्या किंचित वर असतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ३० किलोमीटर वेगाला अशा निमुळत्या गाडीवर तोही साधारण तेवढाच येतो. दोन्ही मिळून होणारा १.६ न्यूटनचा विरोध म्हणजे तळहातावर ठेवलेल्या दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम वजनाचा भार, आणि एवढ्याशा जोरावर एक माणूस सपाट रस्त्यावरून सायकलीच्या वेगाने जात राहतो. मात्र विरोध इतका क्षीण झाला की एरवी नगण्य वाटणाऱ्या गोष्टी मोठ्या होतात. शंभर मीटरला एक मीटर चढ डोळ्यांना जाणवतही नाही, पण त्या चढावर याच गाडीला मागे ओढणारे बल सुमारे ८ न्यूटन, म्हणजे सपाटीवरील एकूण विरोधाच्या पाचपट असते. ताशी ३० किलोमीटर वेगात असताना मोटर बंद केली तर ती सपाटीवर सुमारे २.४ किलोमीटर नुसती घरंगळत जाईल. त्याऐवजी ब्रेक दाबून ती उभी केली, तर त्याच वेगाने पावणेदोन किलोमीटर जाण्यास पुरली असती इतकी ऊर्जा ब्रेकच्या उष्णतेत विरून जाते. अशा गाडीच्या चालकाला चढ, वळण, वारा आणि स्वतःचा उतावीळपणा या सर्वांची दखल घ्यावी लागते, कारण यांतील प्रत्येकाची किंमत हिशेबात लगेच दिसते.

या हिशेबात दोन विचार परस्परविरोधी दिशांनी ओढतात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे कधी वेगाने व कधी हळू जाण्यापेक्षा एकसारख्या वेगाने जाणे स्वस्त पडते, असे एक गणित सांगते. दुसरीकडे विद्युत मोटर फार हलक्या भारावर अकार्यक्षम असते, कारण तिच्या व तिच्या नियंत्रकाच्या काही हानी भार कमी झाला तरी कमी होत नाहीत. म्हणून ती थोडा वेळ भरदार चालवावी, मग पूर्ण बंद करावी, आणि फ्रीव्हीलमुळे मोकळी झालेली चाके आपल्या गतीने धावू द्यावीत, असे दुसरे गणित सांगते. या पद्धतीला अभियंते ‘पल्स अँड ग्लाइड’ म्हणतात. उतारावर ब्रेकने ऊर्जा परत बॅटरीत भरण्याची सोय असली, तरी जाता-येता होणारी गळती पाहता इतक्या हलक्या गाडीत उताराच्या आधीच मोटर थांबवून ब्रेकची वेळच येऊ न देणे बहुधा श्रेयस्कर ठरते. कोणत्या वळणाआधी किती मीटरवर मोटर बंद करायची आणि कोणत्या चढाच्या पायथ्याशी ती पुन्हा सुरू करायची, हे ठरवताना या दोन ओढींचा तोल साधायचा असतो, आणि हजारो पर्यायांतून तो शोधण्यासाठीच संगणक लागतो.

तो शोध ज्या तत्त्वावर चालतो ते स्वतंत्रपणे विचार करण्यासारखे आहे. १९५०च्या दशकात अमेरिकेत रिचर्ड बेलमन यांनी मांडलेल्या पद्धतीत गणित शेवटाकडून सुरुवातीकडे चालते: अंतिम रेषेपाशी गाडी कोणत्या स्थितीत असावी हे आधी ठरते, मग तिच्या अलीकडच्या प्रत्येक टप्प्यावर, प्रत्येक संभाव्य वेगासाठी, तेथून पुढे सर्वांत स्वस्त मार्ग कोणता हे नोंदवत नोंदवत आरंभबिंदूपर्यंत यावे लागते. या पद्धतीचा आधार असा की, आतापर्यंत जे काही घडले असेल ते सध्याच्या स्थितीत साठलेले आहे, आणि या स्थितीतून पुढे जे सर्वोत्तम तेच करावे. मागचा निर्णय चुकला होता काय, या प्रश्नाला पुढच्या निर्णयात स्थान नाही. पूर्वकर्माचे फळ म्हणून हाती आलेली स्थिती स्वीकारून येथून पुढच्या पुरुषार्थाकडे पाहावे, या भूमिकेशी याचे साम्य एखाद्याला जाणवेल, आणि ते अगदीच वरवरचे नाही. परंतु गीतेतील निष्काम कर्माशी त्याची सांगड घालणे मात्र चुकीचे होईल, कारण या गणितातील प्रत्येक पायरीचे मूल्य तिच्यातून निघणाऱ्या फळावरून आणि केवळ फळावरूनच ठरते. येथे पश्चात्ताप नाही, पण फलासक्तीचा त्यागही नाही. दोन विचारव्यूहांत एखादी रेषा जुळली म्हणून ते व्यूह एक मानण्याची घाई आधुनिक विज्ञान आणि प्राचीन दर्शने यांच्या तुलनेत फार वेळा झाली आहे, आणि तिने दोहोंचेही आकलन उथळ केले आहे.

जैन परंपरेशी होणारी तुलना याहून अधिक फलदायी आहे, कारण तेथे प्रश्नच गतीचा आहे. साधूच्या आचारात पाच समिती आणि तीन गुप्ती सांगितल्या आहेत. समिती म्हणजे जे करणे अटळ आहे ते सावधपणे करण्याची रीत: चालणे, बोलणे, भिक्षा घेणे, वस्तू उचलणे-ठेवणे आणि मलमूत्रादींचे विसर्जन या पाच क्रियांना ती लागू होते. गुप्ती म्हणजे मन, वाणी आणि काया यांची प्रवृत्तीच आवरणे. समितीने क्रिया शुद्ध होते, तर गुप्तीने क्रियेचे प्रमाणच घटते, आणि एकीने दुसरीची जागा भरून निघत नाही. पाच समितींतील पहिली ईर्यासमिती, म्हणजे चालण्याविषयीची सावधानता. उत्तराध्ययन सूत्राच्या चोविसाव्या अध्ययनात तिची चार अंगे दिली आहेत: आलंबन म्हणजे चालण्यामागचे योग्य कारण, काल म्हणजे चालण्याची वेळ, मार्ग म्हणजे निर्दोष रस्ता, आणि यतना म्हणजे जपून चालण्याचा प्रयत्न. साधूने दिवसा चालावे, रुळलेल्या वाटेने चालावे, समोरची जुवाएवढी, म्हणजे सुमारे चार हात जमीन नजरेने तपासत चालावे, आणि चालताना मन चालण्यातच ठेवावे, असा हा नियम आहे. त्याच्यासाठी ग्राह्य आलंबने तीनच, ज्ञान, दर्शन आणि चारित्र्य. (वीज सजीव की निर्जीव, यावर गेल्या शतकात जैन समाजात बराच वाद झाला आणि बहुतांश साधुवर्ग आजही वाहनात बसत नाही, तेव्हा ही तुलना विद्युत मोटारीला धर्ममान्यता मिळवून देण्यासाठी केलेली नाही.)

ही चार अंगे सिम्युलेशनच्या मांडणीशेजारी ठेवली की तिचे सामर्थ्य आणि तिची सीमा दोन्ही एकदम लक्षात येतात. मार्ग तेथे आहे, आणि तो मीटरामीटराच्या चढउतारांसह नोंदलेला आहे. काल आहे: ताशी सरासरी सुमारे २५ किलोमीटरच्या खाली येऊ नये एवढ्या वेळात फेऱ्या पूर्ण झाल्या पाहिजेत. यतना तर इतकी सूक्ष्म आहे की कोणत्याही पदयात्रिकाला ती साधणार नाही. नाही ते फक्त आलंबन. का जायचे, या प्रश्नासाठी त्या गणितात एकही चल राशी नाही, आणि तशी ती नसणे हा गणिताचा दोष मानता येत नाही, कारण अंतर आणि वेळ या दोन गोष्टी त्याला बाहेरून दिलेल्या असतात आणि त्या दिल्यावरच त्याचे काम सुरू होते. वेळेचे बंधन काढून टाकले तर उत्तर लगेच बदलते: हवेचा विरोध टाळण्यासाठी गाडी मंदावते, आणि नियंत्रक, पडदा इत्यादी उपकरणे सतत दोनेक वॅट वीज घेत असतील तर वरील उदाहरणातील गाडी ताशी सुमारे १६ किलोमीटर वेगावर स्थिरावते. अंतराचेही बंधन काढून टाकले, तर कमीत कमी ऊर्जेचा प्रवास म्हणजे न निघणे, हे उत्तर संगणक क्षणाचाही विलंब न लावता देतो. गुप्तीच्या दिशेचे हे उत्तर गणिताला ठाऊक आहे. पण ते स्वीकारायचे की नाही हे ठरवणे त्याच्या कक्षेबाहेर आहे, आणि तेथेच धर्मविचाराचे क्षेत्र सुरू होते.

गुप्तीविना समिती कोठे जाते, याचे ऐतिहासिक प्रमाण विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोळशाविषयीच्या ग्रंथात सापडते. इंधनाचा वापर अधिक काटकसरीने होऊ लागला की एकूण वापर घटेल, ही समजूत त्याने खोडून काढली: स्कॉटलंडमध्ये १८३० ते १८६३ या काळात टनभर लोखंडामागे लागणारा कोळसा एकतृतीयांशाहूनही कमी झाला, आणि त्याच काळात तेथील लोखंडउद्योगाचा एकूण कोळसावापर दहापट झाला. काटकसरीमुळे लोखंड स्वस्त झाले, स्वस्ताईमुळे मागणी वाढली, आणि बचत मागणीत बुडून गेली. जेव्हन्सचा हा नियम प्रत्येक क्षेत्रात त्याच तीव्रतेने लागू पडतो असे नाही, आणि तो पुढे करून कार्यक्षमतेचा प्रयत्नच व्यर्थ ठरवणे अन्यायाचे होईल; तरीही, वाहन स्वस्तात चालू लागले म्हणजे माणसे कमी ऊर्जा वापरतील, ही अपेक्षा विचारान्ती ठेवता येत नाही, एवढे त्याने सिद्ध केले आहे.

आलंबनाच्या या विचारावर एक गंभीर आक्षेप संभवतो. म्युनिकच्या तंत्रविद्यापीठातील ‘टूफास्ट’ या विद्यार्थिसंघाने २०२३ मध्ये ‘एमयूसी०२२’ ही सुमारे १७० किलोची मोटार म्युनिक विमानतळावरील एका हँगरमध्ये, म्हणजे विमाने ठेवण्याच्या प्रचंड दालनात, ९९ तास फिरवली आणि १५.५ किलोवॅट-तासांच्या बॅटरीवर एकदाही चार्ज न करता २,५७३.७९ किलोमीटर अंतर पूर्ण केले. ही गाडी कोठेही पोचली नाही. चालक बदलत राहिले आणि ती त्याच चार भिंतींत वळत राहिली. आलंबनाच्या कसोटीवर असा प्रवास निरर्थक ठरतो काय? वरवर पाहता तसे वाटेल, परंतु ज्या सूत्राने ही कसोटी दिली त्यानेच ज्ञानाला पहिले आलंबन मानले आहे, आणि वाहन इतक्या अल्प ऊर्जेत चालू शकते हे कळणे हे खरेखुरे ज्ञान आहे. किंबहुना अशा बंदिस्त फेऱ्यांत आलंबन जितके स्वच्छ असते तितके ते सार्वजनिक रस्त्यावर क्वचितच असते. अडचण निर्माण होते ती पुढे, जेव्हा हेच ज्ञान बाजारात येते आणि त्याच्याबरोबर त्याचे मूळ कारण येत नाही. हलकेपणा आणि निमुळतेपणा यांतून मिळालेली बचत मग अधिक जड, अधिक वेगवान गाडीला परवडण्याजोगे करण्यात खर्ची पडते.

दुसरा प्रश्न यतनेविषयीचा आहे, आणि तो अधिक नाजूक आहे. स्पर्धेतील चालकाला कधी कानातील यंत्रातून तर कधी समोरच्या पडद्यावरून सूचना मिळतात: आता मोटर सुरू करा, आता सोडा. या सूचना तंतोतंत पाळणारा चालक संयमी म्हणायचा काय? तत्त्वार्थसूत्राने हिंसेची व्याख्या करताना प्रमत्तयोग, म्हणजे बेसावध प्रवृत्ती, हा शब्द मध्यभागी ठेवला आहे. त्यामुळे सावध माणसाच्या हातून नकळत जीव गेला तरी तो हिंसेचा तसा भागी होत नाही, आणि बेसावध माणूस कोणालाही इजा न होताही दोषी ठरतो. या दृष्टीने पाहता संगणकाला प्रमाद नाही तसा अप्रमादही नाही. त्याच्या अचूकतेला नैतिक गुण मानता येत नाही, आणि जो चालक केवळ त्याचा हात म्हणून काम करतो त्याच्या वाट्यालाही तो गुण येत नाही. तथापि सिम्युलेटरवर महिनोन्‌महिने सराव केलेल्या चालकाच्या बाबतीत एक वेगळी गोष्ट घडते. चढ येण्याआधी पायाला त्याची चाहूल लागणे, वळणाआधी आपसूक गती सोडणे, समोरचा अडथळा पाहून ब्रेकऐवजी आधीच मोटर थांबवणे, या गोष्टी त्याच्या अंगवळणी पडतात, आणि अंगवळणी पडलेली सावधानता बाहेरून आली होती म्हणून ती त्याची नाही असे म्हणता येत नाही. ॲरिस्टॉटलनेही सद्‌गुण हा सरावातूनच अंगी बाणतो असे मानले. ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योग्याचा आहार, बोलणे, पावले टाकणे आणि झोप यांना माप घालून दिले, तेही हे माप रोजच्या वागण्यातूनच अंगी मुरते हे जाणून. तेव्हा गणिताने शिकवलेली यतना खोटी नाही. ती अपुरी आहे, आणि तिचे अपुरेपण आलंबनाशी येऊनच थांबते.

या अपुरेपणाला गणितातच एक लहानशी खिडकी आहे. इष्टतम नियंत्रणाच्या, म्हणजे सर्वोत्तम चालन शोधण्याच्या, शास्त्रात वेळेचे बंधन घातले की त्या बंधनाबरोबर एक किंमतही आपोआप निर्माण होते: वेळ एका सेकंदाने कमी हवा असेल तर ऊर्जा किती ज्यूलने वाढेल, हे सांगणारा आकडा. संगणक तो उत्तर शोधताना वापरतो आणि बहुधा टाकून देतो. तो टाकून न देता समोर ठेवला तर काय दिसते ते पाहण्याजोगे आहे. वरील हलक्या गाडीने १० किलोमीटर अंतर ताशी २५ ऐवजी ३० किलोमीटर वेगाने कापले, तर चार मिनिटे वाचतात आणि चाकांपाशी सुमारे अडीच हजार ज्यूल जास्त लागतात. दीड टन वजनाच्या नेहमीच्या मोटारीने तेवढेच अंतर ताशी ६० ऐवजी ८० किलोमीटर वेगाने कापले, तर अडीच मिनिटे वाचतात, आणि तिचे टायर व आकार सर्वसाधारण धरले तर जास्तीचा खर्च साडेआठ लाख ज्यूलच्या आसपास जातो. मोटरमधील हानी बाजूला ठेवल्यास तेवढ्या ऊर्जेत ती हलकी गाडी ५०० किलोमीटरहून अधिक जाईल. म्हणजे एका माणसाच्या अडीच मिनिटांच्या घाईत दुसऱ्या एका माणसाचा, संथ का होईना, मुंबई ते नागपूर या अंतराच्या अर्ध्याहून अधिक प्रवास सामावलेला आहे. हा आकडा कोणालाही उपदेश करत नाही, पण घाईला कारण आहे काय हे विचारण्यास तो भाग पाडतो, आणि कारणाची विचारणा म्हणजेच आलंबनाची विचारणा.

कारण बदलले की वेगाचे मापही बदलते, याचे एक मोठे उदाहरण महाराष्ट्राच्या अगदी जवळचे आहे. १९५१ च्या मार्चमध्ये विनोबा भावे हैदराबादनजीकच्या शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला निघाले, तेव्हा रेल्वे उपलब्ध असूनही ते पायी गेले, आणि त्याच प्रवासाच्या ओघात एप्रिलमध्ये पोचमपल्लीला भूदानाचा उगम झाला. संमेलन गाठणे एवढेच प्रयोजन असते तर पायी जाणे हा वेळेचा अपव्यय ठरला असता. वाटेतील गावे आणि तेथील माणसे हे प्रयोजन होते, म्हणून पावलांचा वेग हाच त्या कामाचा योग्य वेग होता. येथे ऊर्जा किती वाचली हा प्रश्नच कोणाच्या मनात नव्हता, आणि तरीही ती वाचली.

परंतु वेळेचे बंधन प्रत्येकाला स्वतः ठरवता येत नाही, ही गोष्ट संयमाची चर्चा करताना सहसा नजरेआड होते. साधूचा दिवस साधूच्या हाती असतो, आणि स्पर्धेतील वेळ सर्वांना समान असते. शहरात विजेवरच्या दुचाकीवरून घरोघरी सामान पोचवणाऱ्या माणसाची वेळ मात्र त्याने ठरवलेली नसते. त्याला काटकसरीच्या चालनाचे कितीही चांगले शिक्षण दिले, आणि त्याने ते कितीही मनापासून आत्मसात केले, तरी दहा मिनिटांत पोचण्याचे वचन दुसऱ्याच कोणी तरी दिलेले असते, आणि प्रत्येक सिग्नलला जोराचा ब्रेक व प्रत्येक हिरव्या दिव्याला जोराची उसळी हेच त्या वचनाचे गणिती उत्तर असते. तेथे यतनेचा भार चालकावर टाकणे अयोग्य आहे. आलंबन काय, हा प्रश्न वेळ ठरवणाऱ्याला आणि ती वेळ पाहून मागणी नोंदवणाऱ्याला विचारायला हवा.